रक्ताला जात नसते, पण इतिहास असतो

एप्रिल महिना आला की वस्तीवस्तीत रक्तदान शिबिराचे बॅनर लागतात. विहाराच्या आवारात किंवा समाजमंदिरात खाटा टाकल्या जातात, तरुण पोरे रांगेत उभी राहतात, बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. प्रमाणपत्रावर रक्तगट लिहिलेला असतो. आपल्यापैकी बहुतेकांची आपल्या रक्ताशी ओळख एवढीच.

बोलण्यात मात्र रक्त सारखे येते. ‘रक्ताचे नाते’, ‘खानदानी रक्त’, ‘त्याच्या रक्तातच आहे ते’. आपल्या वाडवडिलांना तर ‘तुमचे रक्त वेगळे’ म्हणून गावकुसाबाहेर ठेवले गेले. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही रक्ताच्याच काही नवलाच्या गोष्टी सांगणार आहोत. यातल्या काही ऐकून गंमत वाटेल. एक गोष्ट मात्र गमतीची नाही. ती आपल्या घरांशी, विशेषतः विदर्भातल्या घरांशी, फार जवळून जोडलेली आहे.

एका थेंबात किती माणसे कामाला?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. म्हणजे घरातल्या एका लहान हंड्याएवढेही नाही. पण टाचणीच्या डोक्याएवढ्या, म्हणजे एक घन मिलिमीटर रक्तात सुमारे ४५ ते ५० लाख तांबड्या पेशी असतात. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगाच्या कानाकोपऱ्यात पोचवायचा, हे त्यांचे काम. त्यासाठी पेशीने पोटातली जागाही रिकामी केलेली असते. शरीरातल्या बहुतेक पेशींच्या मधोमध एक केंद्रक असते. तांबडी पेशी तयार होतानाच ते टाकून देते आणि सगळी जागा हिमोग्लोबिनला देते.

ही पेशी साधारण १२० दिवस जगते. जुन्या पेशी मरतात, नव्या हाडांच्या मगजात तयार होतात. दर सेकंदाला सुमारे वीस लाख. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत लाखो नव्या पेशी कामावर रुजू झाल्या.

रक्ताला लाल रंग येतो तो हिमोग्लोबिनमुळे, आणि हिमोग्लोबिनमध्ये लोह असते. सगळ्या अंगातले लोह गोळा केले तरी ते तीन-चार ग्रॅमच भरेल. एवढेसे लोह कमी पडले की बाई जिना चढताना धापा टाकते.

मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात म्हणून ‘आतले रक्त निळे असते, बाहेर आले की लाल होते’ असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. प्राणवायू कमी असलेले रक्त गडद लाल असते, इतकेच. निळेपणा कातडीतून प्रकाश ज्या तऱ्हेने परततो त्यामुळे दिसतो. राजाचे असो की रंकाचे, निळे रक्त कुठेच नसते.

भावाचे चालत नाही, अनोळख्याचे चालते

पूर्वी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले की कधी माणूस वाचे, कधी तिथल्या तिथे दगावे. असे का होते ते कोणाला कळत नव्हते. व्हिएन्ना शहरातले डॉक्टर कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली ते कोडे सोडवले. काही माणसांचे रक्त एकत्र केले की त्याच्या गुठळ्या होतात, काहींचे होत नाहीत, हे पाहून त्यांनी रक्ताचे गट पाडले. त्यातूनच ए, बी, ओ आणि पुढे एबी हे गट आपल्याला मिळाले. त्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १४ जून हा त्यांचा जन्मदिवस जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

आता गंमत पाहा. सख्ख्या भावाचे रक्त भावाला चालेलच असे नाही, आणि रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचे चालू शकते. ज्याला आपण ‘रक्ताचे नाते’ म्हणतो ते रक्तपेढीच्या टेबलावर सिद्ध होत नाही.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाप ‘ए’, आई ‘बी’ आणि मूल ‘ओ’ निघाले, म्हणून घरात कुजबूज सुरू झाल्याचे आम्ही ऐकले आहे. बाईवर संशय घेतला जातो. ‘ए’ बापाकडे आणि ‘बी’ आईकडे ‘ओ’चा अंश लपलेला असू शकतो, आणि दोघांकडून तो मुलाला मिळाला की मूल ‘ओ’ होते. यात काही वावगे नाही. रक्तगटाच्या कार्डावरून कोणी कोणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नये. का लावू नये याचे आणखी पक्के कारण मुंबईतच सापडले आहे.

मुंबईच्या नावाचा रक्तगट

१९५२ साली मुंबईतले डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. काही माणसांचे रक्त तपासले तर ते ‘ओ’सारखे दिसे, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. ए, बी, ओ या सगळ्या गटांच्या मुळाशी पेशीवर ‘एच’ नावाचा एक पदार्थ असतो. या माणसांच्या पेशींवर तो पायाच नव्हता. पायाच नाही तर त्यावर ‘ए’चा किंवा ‘बी’चा मजला चढणार कसा? या गटाला जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे तेच राहिले.

या माणसांना एरवी काही त्रास नसतो. पण रक्त चढवायची वेळ आली तर त्यांना फक्त बॉम्बे गटाच्याच माणसाचे रक्त चालते. आपल्या देशात असे साधारण दहा हजारांत एक माणूस असते. युरोपात दहा लाखांत एक. तो दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच हा गट होतो. म्हणून नात्यात लग्ने होतात तिथे तो जास्त दिसतो.

आता वरच्या संशयाकडे परत या. बॉम्बे गटाच्या माणसात ‘ए’ किंवा ‘बी’ची सूचना असू शकते, पण ती पेशीवर उमटत नाही. साध्या तपासणीत ‘ओ’ दिसणाऱ्या बापाला म्हणूनच ‘एबी’ मूल होऊ शकते. शाळेच्या पुस्तकातला तक्ता म्हणतो ‘शक्य नाही’, आणि निसर्ग ते करून दाखवतो.

कामाची गोष्ट एवढीच. घरातल्या रुग्णाचा गट ‘ओ’ लिहिलेला आहे आणि रक्तपेढीत ‘ओ’च्या पिशव्या जुळतच नाहीत, असे झाले तर डॉक्टरांना ‘बॉम्बे ग्रुपची तपासणी करता का’ असे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

बाटलीवर रंग लिहिला तेव्हा

रक्तगट समजल्यावर काही लोकांना वाटले, आता वंश ओळखता येईल. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या डॉक्टर पतिपत्नीने ग्रीसमधल्या सालोनिका इथे जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या हजारो सैनिकांचे आणि निर्वासितांचे रक्त तपासले. त्यात भारतीय सैनिकही होते. १९१९ साली निष्कर्ष छापले. युरोपातल्या लोकांत ‘ए’ जास्त, भारतीयांत ‘बी’ जास्त, असे प्रमाणाचे फरक दिसले. पण एखाद्याच लोकांचा म्हणावा असा गट एकही निघाला नाही. इंग्रजांचा ‘बी’ आणि आपला ‘बी’ सारखाच.

तरीही शिकलेल्या अमेरिकेने काय केले? दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी रक्त गोळा करताना तिथल्या रेडक्रॉसने सुरुवातीला काळ्या लोकांचे रक्त घेतलेच नाही. ओरड झाल्यावर १९४२ पासून घेतले, पण वेगळे ठेवले. रक्ताचा द्रवभाग साठवून दूरवर पाठवण्याची पद्धत पक्की करण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः काळे होते. रक्त असे वेगळे ठेवण्याला विज्ञानात आधार नाही, हे त्यांनी उघड सांगितले. तो वेगळा साठा बंद व्हायला १९५० साल उजाडले.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. पाणवठा वेगळा करणारे मन आणि रक्ताची बाटली वेगळी ठेवणारे मन एकच. अस्पृश्यतेच्या मुळाशी वंशाचा भेद आहे, हे म्हणणे बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मोजमापांचा आधार घेऊन खोडून काढले होते. रक्तपेढीही तेच सांगते. पिशवीवर गट लिहितात, जात लिहीत नाहीत. लिहायला तिथे काही सापडतच नाही.

पण रक्तात जात नसली तरी एक गोष्ट असते. आपले पूर्वज कुठे राहिले, कोणत्या आजारांतून तगले, कोणाशी सोयरिकी केल्या, याच्या खुणा त्यात राहतात. त्यातली एक खूण आपण नीट ओळखली पाहिजे.

विळ्यासारखी पेशी

१९१० साली शिकागो शहरातले डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात विचित्र आकाराच्या पेशी पाहिल्याचे छापले. निरोगी तांबडी पेशी मधोमध दाबलेल्या गोल वडीसारखी असते. या पेशी लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून या आजाराचे नाव सिकलसेल.

दोष केवढा, तर अगदी तिळाएवढा. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात असे समजा. त्यातला सहावा मणी बदलला आहे. बाकी १४५ जिथल्या तिथे. हा बदललेला मणी १९५६ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधला. पण त्या एका मण्यामुळे प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याच्या कडक काड्या होतात, आणि मऊ पेशी विळ्यासारखी ताठ होते. केसापेक्षा बारीक रक्तवाहिनीतून मऊ पेशी वाकून निघून जाते. ताठ पेशी अडकते. मागून येणाऱ्या तिच्यावर साचतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि मग असह्य दुखते. शिवाय १२० दिवस जगणारी पेशी इथे दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे.

हा आजार वस्तीत वेगवेगळ्या नावांनी फिरतो. सांधे दुखतात म्हणून ‘वात’. डोळे पिवळे म्हणून ‘कावीळ’, आणि मग कावीळ उतरवणाऱ्याकडे चकरा. पोर पुन्हापुन्हा रडून लोळते म्हणून ‘बाहेरचे’. शाळेत सारखे गैरहजर म्हणून ‘कामचुकार’. जन्मल्यानंतर पहिले काही महिने बाळात आईच्या पोटातले वेगळे हिमोग्लोबिन शिल्लक असते, ते बाळाला सांभाळते. ते कमी झाल्यावर, साधारण सहा महिन्यांनंतर, त्रास सुरू होतो. पुष्कळदा पहिली खूण म्हणजे बाळाच्या हातापायांवर आलेली दुखरी सूज. ‘जन्मताना तर चांगले होते, नजर लागली’ असे आई म्हणते, त्यामागचे कारण हे.

हिवतापाचा हिशेब

इतका वाईट दोष पिढ्यानपिढ्या टिकला कसा? याचे उत्तर आफ्रिकेत सापडले. १९५४ साली डॉ. अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिले की ज्या भागात जीवघेणा मलेरिया जास्त, तिथेच सिकलसेलही जास्त. ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळाला आहे, त्याला सिकलसेलचा आजार होत नाही, आणि लहानपणी मलेरियाने मरण्याची भीतीही खूप कमी होते. म्हणजे हिवतापाच्या जंगलात हा दोष ढालीसारखा उपयोगी पडला. ढाल असलेली पोरे जगली, त्यांची पोरे झाली, ढाल पुढे गेली.

आपल्याकडे १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल सापडला. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले. विदर्भातल्या, खानदेशातल्या आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात तो बराच आढळतो. इतर जातींतही आढळतो. आदिवासी आणि विदर्भातला बौद्ध समाज यांत तो जास्त का? जंगलपट्टी आणि हिवताप हे एक कारण. तो त्याच त्या समाजांत फिरत राहिला, याचे कारण दुसरे.

१९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातींवर निबंध वाचला. जातीतच लग्न करण्याची सक्ती हेच जातीचे मुख्य लक्षण, असे त्यांनी त्यात मांडले. ते समाजाविषयी बोलत होते, पण बेटीबंदीचा हिशेब रक्तातही होतो. एका कुंपणाच्या आत लग्ने होत राहिली की आत असलेला दोष आतच फिरतो, आणि दोन वाहक एकमेकांना भेटण्याची शक्यता वाढते.

तेव्हा सिकलसेल हा शाप नाही, मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ नाही आणि ‘खालच्या रक्ताची’ खूण तर मुळीच नाही. आपले पूर्वज हिवतापातून तगले त्याची ती किंमत आहे. ती आज एखादे लेकरू चुकवते. ते त्याने चुकवू नये, हे मात्र आपल्या हातात आहे.

दोन-दोन चिठ्ठ्यांचे गणित

हिमोग्लोबिनसाठी प्रत्येकाकडे दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची आणि एक बापाची. चांगली चिठ्ठी ‘ए’, सिकलची ‘एस’.

दोन्ही ‘ए’ असतील तर माणूस ‘एए’. त्याच्यात सिकल नाही.

एक ‘ए’, एक ‘एस’ असेल तर माणूस ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेतात राबतो, पोलीस भरतीला धावतो, नोकरी करतो, म्हातारा होतो.

दोन्ही ‘एस’ असतील तर ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण.

आता लग्नाचे पाहू. आई-बाप दोघेही ‘एएस’ असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता ‘एसएस’ मुलाची, चारांत दोन ‘एएस’ची आणि चारांत एक ‘एए’ची. प्रत्येक बाळासाठी चिठ्ठ्या नव्याने उचलल्या जातात. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही.

एक ‘एएस’ आणि दुसरा ‘एए’ असेल तर एकही मूल ‘एसएस’ होत नाही. निम्मी शक्यता वाहक होण्याची, बस्स. आणि एक ‘एएस’, दुसरा ‘एसएस’ असेल तर निम्मी शक्यता रुग्ण होण्याची.

हे गणित पाठ करा, कारण वस्तीत नेमके याच्या उलट चालते. मुलगी वाहक निघाली की बोलणी मोडतात. घरचे कार्ड लपवतात. नवरामुलगा तर तपासणीच करत नाही. ‘आमच्या घराण्यात असले काही नाही’ म्हणून मोकळा. मग मूल आजारी निघाले की दोष सुनेच्या माथी. पण ‘एसएस’ मुलात एक चिठ्ठी आईची असते तशी दुसरी बापाची असतेच. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. ज्या समाजाने शतकानुशतके शिवाशिव सोसली, त्या समाजात एखाद्या मुलीला एका चिठ्ठीवरून बाजूला बसवले जावे, हे आपल्याला शोभत नाही.

वाहक मुलीने किंवा मुलाने लग्नच करू नये, असे कोणताही डॉक्टर सांगत नाही. दोघांनी लग्नाआधी तपासावे, एवढेच म्हणणे आहे. पत्रिका जुळवणे आपण सोडले. ही पत्रिका जुळवा. दोघेही वाहक निघाले आणि तरी लग्न करायचे असेल, किंवा लग्न झालेलेच असेल, तर दिवस राहिल्याबरोबर, पहिल्या तीन महिन्यांतच मोठ्या सरकारी रुग्णालयात जाऊन सांगावे. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या दोघांचा.

तपासणी कशी आणि कुठे

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते. आशाताईंना विचारले तरी त्या सांगतील. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणायचे त्याचे उद्दिष्ट आहे.

विद्राव्यता चाचणी, जिला दवाखान्यात ‘सोल्युबिलिटी’ म्हणतात, ती फक्त सिकल आहे की नाही एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते ती सांगत नाही. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ शब्द ऐकून घाबरू नये. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करून पक्का निकाल मागून घ्यावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळावर आणि नुकतेच रक्त चढवलेल्या माणसावर पहिल्या चाचणीचा भरवसा धरू नये. ही तपासणी आयुष्यात एकदा पक्की झाली की पुरते. चिठ्ठ्या बदलत नाहीत. निकालाचा कागद आधार कार्डासोबत जपून ठेवा.

घरात रुग्ण असेल तर

पाणी भरपूर पाजा. उन्हात, प्रवासात, जुलाबात तर अधिकच. अंगातले पाणी कमी झाले की पेशी लवकर वाकतात. थंडीपासून जपा, पहाटे गार पाण्याने अंघोळ नको. दमछाक होईपर्यंत काम नको, पण घरात कोंडूनही ठेवू नका. शाळेतल्या गुरुजींना, बाईंना आजाराची कल्पना द्या, म्हणजे पाण्याची बाटली आणि लघवीची सुटी यावरून पोराला बोलणी बसणार नाहीत.

फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर देतात, ती रोज घ्यावी. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक मात्र मनाने सुरू करू नये. या आजारात पेशी फुटून त्यातले लोह अंगातच राहते, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांत तर ते साचून यकृताला, हृदयाला इजा करते. हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यायचे असते. रुग्णाला मलेरियापासून संरक्षण नसते, उलट धोका जास्त. म्हणून मच्छरदाणी हवीच. बाळाच्या लसी एकही चुकवू नका.

पुढील गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा:

१०१ च्या वर ताप.
छातीत दुखणे, श्वास लागणे.
अचानक पांढरेफटक पडणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे.
एका अंगाची ताकद जाणे, बोलणे अडखळणे, झटका येणे.
मुलग्याच्या किंवा पुरुषाच्या लिंगाला दुखरा ताठरपणा येऊन तो न उतरणे. हे लाजेने लपवले जाते आणि कायमची इजा होते.

दवाखान्यात पोचल्यावर ‘पेशंट सिकलसेलचा, एसएस आहे’ हे वाक्य पहिले सांगा.

हक्काचेही माहीत असावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे; ठरलेल्या निकषांत बसल्यास दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते. वाहकाला ते लागू नाही, कारण वाहक आजारी नाही.

नवे उपचारही येत आहेत. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवरच्या जनुक उपचाराला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत घालतात. त्याची किंमत आज कोट्यवधी रुपयांत आहे. आफ्रिकेतल्या आणि आपल्यासारख्या गरीब वस्त्यांत ज्याचे रुग्ण सर्वाधिक, त्याचे औषध श्रीमंत देशांत आधी पोचावे, हेही एक नवलच. ते आपल्यापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर आपल्याजवळचे औषध म्हणजे बोटातला एक थेंब, आणि खरे बोलण्याची हिंमत.

दोन गोष्टी लिहून ठेवा

या महिन्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे दोन गोष्टी एका वहीत लिहा: रक्तगट, आणि ‘एए, एएस की एसएस’. विदर्भातल्या आणि विदर्भातून मुंबई-पुण्याकडे, सुरतेकडे कामाला गेलेल्या कुटुंबांनी तर नक्कीच. गाव सुटले तरी चिठ्ठ्या सोबत येतात.

ज्यांना शक्य आहे त्यांनी रक्तदानही करावे. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन निदान १२.५ हवे. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. सिकलसेलच्या आणि थॅलेसेमियाच्या पोरांना ते वारंवार लागते.

विहाराच्या कार्यकारिणीला आमचे एक सांगणे. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. त्या आठवड्यातल्या रविवारी वंदनेनंतर आरोग्य केंद्राच्या लोकांना बोलवा आणि तपासणीचे टेबल लावा. रांगेत पहिले नाव लग्नाच्या मुलीचे नको. पहिले नाव लग्नाच्या मुलाचे लिहा, आणि त्याच्या मागे त्याच्या बापाला उभे करा.